घेणारा निघून गेल्यावर: गो भाषेतल्या एका गोरूटीन गळतीचं प्रकरण

एक सेवा रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास बंद पडते. आठवडाभर तिला काहीच होत नाही. लॉगमध्ये चुकीची (एररची) नोंद नाही, पॅनिकचा, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःहून कोसळल्याचा, मजकूर नाही. कंटेनर (सेवा ज्या बंदिस्त, मर्यादा घातलेल्या जागेत चालते तो) १३७ या कोडने संपलेला दिसतो, म्हणजे प्रक्रिया बाहेरून थेट मारली गेली आहे; इथे ऑपरेटिंग सिस्टिमने ती मेमरीच्या मर्यादेपायी मारली. मारण्याचा हा सिग्नल प्रोग्रॅमला पकडताच येत नाही, त्यामुळे मरण्यापूर्वी काही लिहून ठेवण्याची संधी त्याला मिळत नाही.

या लेखातली सेवा नमुन्याची आहे. तिचे आकडे हिशोब कागदावर करून पाहता यावा म्हणून सोपे धरले आहेत. दोष मात्र अगदी खरा आहे: गोरूटिनं, म्हणजे गोमधली समांतर चालणारी हलकी कामं, कधीच न संपता मेमरीत साचत जातात. गो भाषेत समांतर कामं सुरू करणं फार सोपं असल्यामुळे तो चांगल्या, नीट वाचलेल्या, टेस्ट केलेल्या कोडमध्येही शिरतो.

मांडणी

सेवेकडे सेकंदाला ६० रिक्वेस्ट येतात. प्रत्येक रिक्वेस्टसाठी तिला मागच्या एका डेटा सर्व्हरला एचटीटीपीवरून विचारावं लागतं. या सर्व्हरच्या दोन सारख्या प्रती आहेत. उत्तर बहुतेक वेळा ३०–४० मिलिसेकंदांत येतं, पण सुमारे २ टक्के वेळा १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातं. त्यावर उपाय म्हणून पहिल्या प्रतीला विचारायचं, १०० मिलिसेकंदांत उत्तर आलं नाही तर दुसरीलाही विचारायचं आणि जे आधी येईल ते घ्यायचं, अशी रचना केलेली आहे. पद्धत चांगली आहे. जादा भार फक्त २ टक्के पडतो आणि वापरणाऱ्याला होणारा मोठा उशीर टळतो. अट एकच: विचारणा नुसती वाचण्याची असावी. नोंद घालणारी किंवा पैसे वळते करणारी विचारणा अशी दोनदा पाठवायची नसते.

मूळ फंक्शन शब्दांत सांगायचं तर असं होतं:

१. बफर (घेणारा येईपर्यंत मूल्यं ठेवण्याची जागा) नसलेलं एक चॅनेल, म्हणजे गोरूटिनांनी एकमेकांना मूल्यं देण्याचा मार्ग, बनवा.
२. एक गोरूटीन सुरू करा. ते पहिल्या प्रतीला विचारेल आणि आलेलं उत्तर चॅनेलवर पाठवेल.
३. सिलेक्टमध्ये (अनेक शाखांपैकी जी आधी तयार होईल ती निवडणाऱ्या रचनेत) थांबा. चॅनेलवर उत्तर आलं तर ते घेऊन परत जा. १०० मिलिसेकंद उलटले तर पुढे चला.
४. दुसरं गोरूटीन सुरू करा. ते दुसऱ्या प्रतीला विचारून त्याच चॅनेलवर पाठवेल.
५. चॅनेलवरून एक उत्तर घ्या आणि परत जा.

दोष पाचव्या पायरीत आहे. पाठवणारी गोरूटिनं दोन आहेत आणि घेणं एकदाच होतं.

भाषेने काय दिलं आणि काय दिलं नाही

रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी २००७ मध्ये गूगलमध्ये गोची आखणी सुरू केली. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये भाषा सर्वांसाठी खुली झाली आणि मार्च २०१२ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आली. समांतर कामांची कल्पना टोनी होर यांच्या १९७८ च्या मांडणीवरून आली आहे. त्या मांडणीत स्वतंत्र प्रक्रिया एकमेकींशी फक्त संदेशांतून बोलतात, आणि संदेश देणारा व घेणारा दोघंही तयार असतील तेव्हाच देवाणघेवाण होते. गोमधलं बफर नसलेलं चॅनेल हेच करतं. ते हातातून हातात देण्यासारखं आहे. समोर हात नसेल तर देणारा वस्तू धरून उभा राहतो, आणि किती वेळ उभं राहायचं याला भाषेने मर्यादा घातलेली नाही.

गोरूटीन सुरू करायला फंक्शनच्या आधी ‘गो’ एवढा एक शब्द पुरतो. सुरुवातीचा स्टॅक (चालू फंक्शनांची माहिती ठेवणारी मेमरी) साधारण २ केबी असतो आणि गरजेप्रमाणे वाढतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या मोजक्या थ्रेडवर (सीपीयूवर काम चालवणाऱ्या वाटांवर) हजारो गोरूटिनं चालवण्याचं काम भाषेचा शेड्यूलर करतो. चॅनेलवर अडकलेलं गोरूटीन थ्रेड अडवत नाही, ते बाजूला ठेवलं जातं आणि थ्रेड दुसऱ्या कामाला लागतो. हा मोठा गुण आहे, आणि या प्रकरणात दोष लपला तोही याच गुणामुळे. हजारो गोरूटिनं कायमची अडकलेली असताना सीपीयूच्या आलेखावर त्यांचा मागमूस दिसत नाही.

‘गो’ या शब्दातून परत काहीच मिळत नाही. सुरू झालेल्या कामाचा हँडल (पुढे ते काम धरता येईल अशी खूण) नाही, बाहेरून ते थांबवण्याची सोय नाही, त्याची वाट पाहण्याची सक्ती नाही. सुरुवात भाषेने शब्द म्हणून दिली. शेवट कसा होणार ते लिहिणाऱ्यावर सोडलं. कोड वाचताना ‘गो’ हा शब्द दिसला की ‘हे गोरूटीन कोणत्या ओळीवर, कोणकोणत्या परिस्थितीत संपेल?’ हा प्रश्न विचारायलाच हवा, तो याचमुळे.

आणखी दोन गैरसमज इथे दूर करायला हवेत. पहिला: ‘सगळी गोरूटिनं झोपली आहेत, डेडलॉक’ असं सांगून प्रोग्रॅम थांबतो, मग इथे का थांबला नाही? ती तपासणी एकूणएक गोरूटिनं अडकली असतील तेव्हाच लागू होते. चालू सर्व्हरमध्ये कोणी ना कोणी जागं असतंच. दुसरा: चॅनेलकडे आता कोणाचाच संदर्भ उरलेला नाही, मग गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी परत घेणारा भाग) ते उचलत का नाही? कारण संदर्भ उरलेला आहे. अडकलेल्या गोरूटिनाच्या स्टॅकवर तो आहे, आणि जिवंत गोरूटिनाचा स्टॅक ही कलेक्टरच्या शोधाची सुरुवातीची जागा असते. गोरूटीन चॅनेलला धरून आहे आणि कलेक्टर गोरूटिनाला हात लावत नाही.

हिशोब

सेकंदाला ६० रिक्वेस्टपैकी २ टक्के म्हणजे १.२ वेळा दुसरी विचारणा होते आणि प्रत्येक वेळी एक गोरूटीन मागे राहतं. तासाला ४,३२०, दिवसाला १ लाख ३ हजार ६८०.

प्रत्येकाची किंमत किती? उत्तर वाचताना स्टॅक ८ केबीपर्यंत वाढलेला असू शकतो, पण वापर चौथाईपेक्षा कमी असेल तर कलेक्टर आपल्या फेरीत स्टॅक अर्धा करतो. दोन-तीन फेऱ्यांत तो परत २ केबीवर येतो. म्हणजे स्टॅक ही खरी अडचण नाही. अडचण आहे गोरूटिनाच्या हातातलं उत्तर. ते १० केबीचं धरू. असे एकाला १२ केबी, तासाला सुमारे ५१ एमबी.

इथे पुष्कळांचा हिशोब चुकतो. गोचा कलेक्टर ‘गोजीसी’ या सेटिंगवर चालतो आणि त्याची नेहमीची किंमत १०० असते. याचा अर्थ, जिवंत मेमरीएवढीच आणखी मेमरी वापरली जाईपर्यंत पुढची फेरी पुरी करण्याची घाई नसते. त्यामुळे ५१ एमबीची गळती प्रक्रियेच्या एकूण मेमरीत सुमारे १०१ एमबी होऊन दिसते. सुरुवातीला सेवा ३०० एमबी घेते, कंटेनरची मर्यादा ४ जीबी म्हणजे ४,०९६ एमबी आहे. मधली जागा ३,७९६ एमबी. तिला १०१ ने भागलं की साधारण साडेसदतीस तास येतात.

डिप्लॉय (नवी आवृत्ती चढवून सेवा नव्याने सुरू करणं) रोज संध्याकाळी पाच वाजता होतो, सोमवार ते शुक्रवार. आठवड्यात २४ तासांत मेमरी २,७०० एमबीपर्यंत चढते आणि नव्या प्रक्रियेबरोबर पुन्हा ३०० वर येते. शुक्रवारी पाचनंतर साडेसदतीस तास म्हणजे रविवारी सकाळी साडेसहा. तिथे ती मरते. नंतर सोमवारी पाचपर्यंत साडेचौतीस तास मिळतात, मेमरी ३,८०० च्या आसपास पोचते आणि ऐन वेळी डिप्लॉय तिला वाचवतो. ‘रविवारी पहाटे कुठलं तरी शेड्यूल केलेलं काम चालत असणार’ या समजुतीमागे धावण्यात किती वेळ जाऊ शकतो हे वेगळं सांगायला नको. वारंवार डिप्लॉय करणाऱ्या टीममध्ये गळती महिनोन्‌महिने झाकलेली राहते, कारण प्रत्येक डिप्लॉय हा न मागता मिळालेला रीस्टार्ट असतो.

शोध

पहिलं पाऊल सहसा हीप प्रोफाइल (मेमरीच्या वापराचा अहवाल) असतं, आणि इथे ते दिशाभूल करतं. हीप प्रोफाइल मेमरी कुठे घेतली गेली ते दाखवतं, कोणी धरून ठेवली आहे ते नाही. त्यात सगळ्यात वर उत्तराचा मजकूर वाचणारं फंक्शन आणि जेसन (डेटा पाठवण्याचं मजकुराचं स्वरूप) उलगडणारी लायब्ररी दिसते. मग जेसनची लायब्ररी बदलण्याचा, बफर पुन्हा वापरण्याचा विचार सुरू होतो. दोन्हीने गळतीला काही होत नाही.

खरी खूण एका आकड्यात आहे: चालू गोरूटिनांची संख्या. रनटाइमचं नमगोरूटीन हे फंक्शन ती देतं, आणि मोजमापांची बहुतेक साधनं ती आपोआप गोळा करतात. निरोगी सेवेत ही रेघ रहदारीबरोबर वरखाली होते. इथे ती एका चढाने वर जाते, डिप्लॉयला खाली पडते, पुन्हा त्याच चढाने निघते. मेमरीचा आलेख कलेक्टरच्या फेऱ्यांमुळे दातेरी असतो, म्हणून संशयाला जागा उरते; गोरूटिनांच्या रेघेत तशी काही सबब राहत नाही.

त्यानंतर पीप्रॉफ या गोच्या तपासणी साधनाचं गोरूटीन प्रोफाइल घ्यायचं. त्याचे मजकुराचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी डीबग १. त्यात सारख्या स्टॅकची गोरूटिनं एकत्र मोजून येतात: वरच्याच गटात ‘९८ हजार’ असा आकडा, खाली चॅनेलवर पाठवणाऱ्या रनटाइम फंक्शनचं नाव आणि आपल्या फाइलमधली नेमकी ओळ. बहुतेक वेळा इथेच उत्तर मिळतं.

डीबग २ मध्ये प्रत्येक गोरूटीन वेगळं छापलं जातं. शीर्षकात त्याची अवस्था आणि एका मिनिटाहून जास्त झाला असेल तर अडकून राहिल्याचा वेळ, उदाहरणार्थ ‘चॅन सेंड, १२१० मिनिटं’. गो १.२१ पासून ते कोणत्या गोरूटिनाने सुरू केलं तोही क्रमांक शेवटी येतो. हे फार उपयोगी आहे, पण त्यासाठी सगळा प्रोग्रॅम क्षणभर थांबवावा लागतो. मजकूर मावला नाही तर दुप्पट बफर घेऊन पुन्हा थांबवला जातो, आणि ६४ एमबीला छपाई तोडली जाते. लाखभर गोरूटिनं असलेल्या, मेमरीच्या कडेवर आलेल्या प्रक्रियेवर हे चालवणं म्हणजे तपासायला जाऊन तिलाच मारणं. नुकत्याच सुरू झालेल्या, दोन-तीन हजार गोरूटिनं साचलेल्या प्रतीवर चालवावं. पीप्रॉफची प्रोफाइलं देणारे वेब पत्ते बाहेरच्या जगाला उघड्या असलेल्या पोर्टवर कधीही ठेवू नयेत. स्टॅकमध्ये आतल्या रचनेची बरीच माहिती असते.

गो १.२६ मध्ये प्रयोग म्हणून वेगळं गळती प्रोफाइल आलं आहे. बिल्ड करताना ते मुद्दाम चालू करावं लागतं. ज्या चॅनेलवर किंवा लॉकवर गोरूटीन अडकलं आहे तिथपर्यंत कोणतंही चालू शकणारं गोरूटीन पोचू शकत नसेल, तर ते गळलेलं धरलं जातं. आपल्या प्रकरणातला दोष नेमका या व्याख्येत बसतो. पण चॅनेल एखाद्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं असेल तर या पद्धतीला तो दिसणार नाही, म्हणून डीबग १ वाचण्याची सवय सोडता येत नाही.

रेस डिटेक्टर इथे काही सांगत नाही. त्याचं काम दोन गोरूटिनं एकाच मेमरीला ताळमेळाविना हात लावतात का ते पाहण्याचं आहे. या कोडमध्ये तसं काहीच होत नाही. सगळं चॅनेलमधूनच जातं.

चुकलेल्या दुरुस्त्या

पहिली चुकलेली दुरुस्ती सगळ्यात शिकण्यासारखी आहे, कारण ती अर्धी लागू पडते. ‘विचारणेला कॉन्टेक्स्ट दिलेलाच नाही, म्हणून हरलेली विचारणा चालू राहते’ असं निदान केलं गेलं. ते खरंही आहे. (कॉन्टेक्स्ट म्हणजे ‘आता थांबा’ हा निरोप आणि वेळेची मर्यादा कामापर्यंत नेणारी वस्तू.) रद्द करता येणारा कॉन्टेक्स्ट बनवला, फंक्शनमधून बाहेर पडताना तो रद्द होईल अशी डिफर ओळ घातली, एचटीटीपी विचारणेला तो जोडला. मेमरीचा चढ एकदम उतरला आणि काम झालं असं वाटलं.

झालं काय? हरलेली विचारणा आता मध्येच तुटते, १० केबीचं उत्तर येत नाही, त्याऐवजी ‘कॉन्टेक्स्ट रद्द झाला’ ही चूक हातात येते. ती चूक घेऊन गोरूटीन पुढच्या ओळीवर जातं. पुढची ओळ तीच: चॅनेलवर पाठवा. तिथे कोणी नाही. गोरूटीन पूर्वीसारखंच कायमचं उभं, फक्त ओझं हलकं. १२ केबीऐवजी ३ केबी धरले तर प्रक्रियेची मेमरी तासाला सुमारे २५ एमबी वाढते आणि मर्यादा गाठायला सहा दिवसांहून जास्त लागतात. आता सेवा रविवारी मरत नाही. डिप्लॉय आठवडाभर बंद राहतील तेव्हा मरेल. गोरूटिनांची रेघ मात्र अजूनही तासाला ४,३२० नेच चढते आहे. म्हणून दुरुस्ती पडताळायची ती मेमरीवर नाही, या रेघेवर.

दुसरी: चॅनेल बंद करणं. फंक्शनमधून निघताना चॅनेल बंद केलं तर अडकलेले सुटतील, हा विचार. सुटतात खरे, पण बंद चॅनेलवर पाठवलं की गोमध्ये पॅनिक होतं. ते पॅनिक सुरू केलेल्या गोरूटिनात होतं, हँडलर (आलेल्या रिक्वेस्टला उत्तर देणारं फंक्शन) चालवणाऱ्या गोरूटिनात नाही. एचटीटीपी सर्व्हर हँडलरमधलं पॅनिक सावरून घेतो, पण इतर गोरूटिनातलं पॅनिक त्याच्या हाती लागत नाही आणि पूर्ण प्रक्रिया कोसळते. साडेसदतीस तासांनी मरणारी सेवा आता पहिल्याच उशिरा आलेल्या उत्तराला मरेल. चॅनेल बंद करण्याचा अधिकार पाठवणाऱ्याचा असतो, घेणाऱ्याचा नाही. पाठवणारे दोन असतील तर दोघांपैकी कोणाचाच एकट्याचा नाही.

तिसरी: पाठवताना सिलेक्टमध्ये डिफॉल्ट शाखा घालणं, म्हणजे घेणारा नसेल तर उत्तर टाकून द्यायचं. गळती थांबते, पण बफर नसलेल्या चॅनेलवर ‘घेणारा नसेल’ याचा अर्थ ‘या क्षणी नसेल’ असा होतो. घेणारा त्या क्षणी दुसरं गोरूटीन सुरू करत असेल, लॉग लिहीत असेल, तर नीट आलेलं उत्तर टाकलं जातं आणि घेणारा पुढे येऊन न येणाऱ्या उत्तराची वाट पाहतो. क्वचित घडणारा, टेस्टमध्ये न सापडणारा दोष यातून तयार होतो. तीनपैकी ही दुरुस्ती मला सगळ्यात धोकादायक वाटते, कारण आलेख सगळे सरळ दिसतात.

‘एका वेळी ५०० पेक्षा जास्त गोरूटिनं नकोत’ अशी मर्यादा घालण्याचाही मोह होतो. अशा मर्यादेत प्रत्येक कामाला एक परवाना दिला जातो आणि तो काम संपल्यावर परत मिळतो; इथे काम संपतच नाही. सेकंदाला १.२ परवाने बुडत गेले तर सात मिनिटांत पाचशे संपतात आणि सेवा गोठते. मेमरी मात्र उत्तम दिसते.

गोमेमलिमिट हे मेमरीची मर्यादा सांगणारं, गो १.१९ मधलं सेटिंगही औषध नाही. मर्यादेजवळ आल्यावर कलेक्टर जास्त वेळा धावतो, पण जिवंत असलेलं तो उचलू शकत नाही. कलेक्टरला सीपीयूच्या साधारण निम्म्यापर्यंत जाऊ दिलं जातं. मरण थोडं लांबतं आणि शेवटचे काही तास सेवा मंदावलेली राहते.

दुरुस्ती

मूळ गळती बंद करायला एक अंक पुरतो. चॅनेल बनवताना त्याची क्षमता २ द्यायची. नियम असा: क्षमता म्हणजे त्या चॅनेलवर जास्तीत जास्त किती वेळा पाठवलं जाऊ शकतं तो आकडा. मग पाठवणारा कधीच अडत नाही. हरलेलं उत्तर बफरमध्ये पडतं, गोरूटीन संपतं, चॅनेलला धरून कोणी उरत नाही आणि कलेक्टर चॅनेल व उत्तर दोन्ही उचलतो. चॅनेल बंद करण्याची गरज नाही. कोणी बंद न केलेलं चॅनेलही साधी मेमरीच असते.

क्षमता अंदाजाने ‘१०० असू दे’ अशी देणं चूक आहे. पुढे कोणी प्रतींची संख्या वाढवली तर हिशोब कुठेतरी मोडतो आणि मोडल्याचं कळत नाही. प्रतींच्या यादीची लांबी हीच क्षमता असावी, म्हणजे दोन्ही एकत्र बदलतात.

एवढ्यावर थांबता येईल, पण फंक्शन उघडलंच आहे तर आणखी तीन गोष्टी नीट कराव्यात.

पहिली, चूक म्हणजे उत्तर नव्हे. मूळ कोड चॅनेलवर पहिलं जे येईल ते घेऊन परत जातो. पहिल्या प्रतीने २ मिलिसेकंदांत जोडणी नाकारली तर तीच चूक वापरणाऱ्याला मिळते, दुसरी प्रत धडधाकट असूनही. बिघडलेली प्रत अनेकदा सगळ्यात जलद उत्तर देते. म्हणून घेणं लूपमध्ये हवं: चूक आली आणि दुसरी विचारणा अजून पाठवलेली नसेल तर १०० मिलिसेकंदांची वाट न पाहता लगेच पाठवा; दोन्हींकडून चूक आली तरच चूक परत करा. या लूपमध्ये टायमर एकदा वाजल्यावर, किंवा दुसरी विचारणा आधीच गेली असेल तर लगेच, टायमरच्या चॅनेलचं व्हेरिएबल निल (रिकामं) करून टाकायचं. निल चॅनेल सिलेक्टमध्ये कधीच तयार होत नाही, त्यामुळे ती शाखा आपोआप बंद पडते आणि ‘टायमर होऊन गेला’ हे लक्षात ठेवणारा वेगळा झेंडा (फ्लॅग) सांभाळावा लागत नाही.

दुसरी, वेळेची मर्यादा. गोचा नेहमीचा एचटीटीपी क्लायंट पूर्ण विचारणेवर स्वतःहून टाइमआउट लावत नाही. समोरचा सर्व्हर जोडणी घेऊन गप्प बसला तर बफर असलेलं चॅनेलही उपयोगाचं नाही. गोरूटीन पाठवण्यापर्यंत पोचतच नाही. एकूण १ सेकंदाची मर्यादा असलेला कॉन्टेक्स्ट दोन्ही विचारणांना द्यावा, आणि सिलेक्टमध्ये त्याच्या समाप्तीची शाखा ठेवावी.

तिसरी, हरलेल्या विचारणेला रद्द करायचं की संपू द्यायचं. हा निर्णय वाटतो तेवढा सरळ नाही. एचटीटीपी १.१ वर चालू विचारणा रद्द केली की ती टीसीपी जोडणीच बंद होते. पुढच्या विचारणेला नवी जोडणी, नवा टीएलएस हँडशेक (सुरक्षित जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण). एचटीटीपी २ वर फक्त तो एक प्रवाह तोडला जातो आणि जोडणी टिकते. म्हणून २ असेल तर बिनदिक्कत रद्द करावं. १.१ असेल आणि हरलेलं काम काहीशे मिलिसेकंदांत संपणारं असेल, तर बफरच्या भरवशावर ते संपू द्यावं, हे माझं मत. मात्र तेव्हा त्याला हँडलरचा कॉन्टेक्स्ट देऊन चालत नाही, कारण हँडलर संपताच तो रद्द होतो. गो १.२१ मध्ये आलेलं, रद्द होणं सोडून बाकी मूल्यं पुढे नेणारं फंक्शन वापरून त्यावर स्वतंत्र १ सेकंदाची मर्यादा लावावी.

रद्द करण्याचा मार्ग घेतला तर एक सापळा हमखास पाय अडकवतो. गोरूटिनाने एचटीटीपीचा प्रतिसाद तसाच चॅनेलवर पाठवला, फंक्शनने तो परत केला आणि निघताना डिफरने कॉन्टेक्स्ट रद्द केला, तर बोलावणारा बॉडी (प्रतिसादाचा मजकूर) वाचायला जातो तेव्हा वाचन मध्येच तुटतं. छोटी उत्तरं आधीच बफरमध्ये आलेली असल्यामुळे चालतात, मोठी तुटतात, आणि दोष ‘कधीतरी’ दिसतो. बॉडी गोरूटिनातच शेवटपर्यंत वाचावी, बंद करावी आणि उलगडलेलं मूल्य पाठवावं.

एररग्रुप (कामांचा गट एकत्र चालवणारं गोचं पॅकेज) इथे लगेच सुचतो, पण तो उलट्या गरजेसाठी आहे. त्याचा कॉन्टेक्स्ट पहिल्या चुकीला रद्द होतो, पहिल्या यशाला नाही. आणि त्याची वेट सगळी कामं संपेपर्यंत थांबते. ‘सगळे हवेत’ यासाठी तो उत्तम आहे. ‘कोणीही एक’ साठी यशालाच खोटी चूक म्हणून परत करावं लागतं, आणि तसा कोड पुढच्या वाचणाऱ्याला फसवतो.

हाच दोष दुसऱ्या भाषांत

एरलँगमध्ये पाठवणारा कधी अडत नाही. उशिरा आलेलं उत्तर घेणाऱ्या प्रक्रियेच्या मेलबॉक्समध्ये (आलेल्या संदेशांच्या रांगेत) पडतं. प्रत्येक रिक्वेस्टला स्वतंत्र, अल्पायुषी प्रक्रिया असेल तर मेलबॉक्स तिच्याबरोबरच जातो. दीर्घायुषी प्रक्रियेने विचारणा केली असेल तर मात्र कचरा तिच्याकडे साचतो. गळती जागा बदलते.

पायथनच्या ३.११ मधला टास्कग्रुप, कोटलिनमधला कोरूटीन स्कोप, स्विफ्ट ५.५ मधला टास्क ग्रुप यांनी वेगळा रस्ता धरला. ज्या चौकटीत कामं सुरू झाली ती चौकट सगळी कामं संपल्याशिवाय सोडताच येत नाही. तिथे या प्रकरणातली गळती लिहिणं अवघड आहे. त्याबदली दुसरी चूक सोपी होते: हरलेलं काम रद्द करायला विसरलं तर उत्तर हातात असूनही फंक्शन संथ प्रतीसाठी थांबून राहतं, आणि दुहेरी विचारणेचा सगळा फायदा जातो. ही चूक बरी, कारण ती पहिल्याच दिवशी उशीर म्हणून दिसते. पायथनमध्ये ‘पहिलं पुरं झालेलं’ मागणारी जुनी वेट पद्धत वापरली तर उरलेली कामं चालूच राहतात. ती आपणच रद्द करायची असतात. जावा २१ ने हलके थ्रेड पक्के केले, चौकटबद्ध कामांची सोय मात्र त्या आवृत्तीत पूर्वावलोकन म्हणूनच ठेवली.

टेस्ट आणि पडताळणी

मूळ टेस्टमध्ये नकली सर्व्हर लगेच उत्तर देत होता, म्हणून चौथी पायरी कधी चाललीच नाही. टेस्टला संथ सर्व्हर हवा: पहिली प्रत १५० मिलिसेकंद थांबणारी, दुसरी लगेच उत्तर देणारी. फंक्शन १०० वेळा चालवा, थोडं थांबा, आधीच्या आणि नंतरच्या गोरूटिनांची संख्या ताडून पाहा. जुन्या कोडमध्ये फरक शंभराच्या पुढे येतो. नेमका शंभर येत नाही, कारण एचटीटीपी १.१ ची प्रत्येक उघडी जोडणी वाचण्याचं एक आणि लिहिण्याचं एक अशी दोन गोरूटिनं धरून असते. मोजण्यापूर्वी रिकाम्या जोडण्या बंद कराव्यात, नाहीतर टेस्ट उगाच नापास होईल.

गो १.२५ पासून सिंकटेस्ट पॅकेज स्थिर आहे आणि अशा कोडला ते नेमकं लागू पडतं. त्याच्या बुडबुड्यात (टेस्ट ज्या वेगळ्या ठेवलेल्या चौकटीत चालते तीत) घड्याळ नकली असतं, त्यामुळे १०० मिलिसेकंदांची वाट प्रत्यक्षात क्षणात सरते. बुडबुड्यात सुरू झालेलं गोरूटीन चॅनेलवर कायमचं अडकलेलं राहिलं तर टेस्ट डेडलॉक म्हणून पॅनिक होते. खऱ्या नेटवर्कवर थांबणं त्यात धरलं जात नाही, म्हणून विचारणा करणारा भाग फंक्शन म्हणून बाहेरून देता आला पाहिजे.

डिप्लॉयनंतर पाहायचं ते हे. रात्रीच्या कमी रहदारीत गोरूटिनांची संख्या रोज त्याच तळाला येते का? येत असेल तर गळती गेली. इशारा ठरलेल्या आकड्यावर लावला, उदाहरणार्थ १०,००० वर, तर तासाला ४,३२० च्या गळतीत तो अडीच तासांत वाजेल. पण तासाला ५० ची गळती असेल तर आठवडाभरही वाजणार नाही आणि डिप्लॉय ती रोज पुसत राहील. त्यापेक्षा सलग सहा तासांचा चढ मोजावा आणि प्रक्रिया सुरू झाल्यापासूनच्या वेळेशी तो लावून पाहावा. शिवाय एक प्रत डिप्लॉयमधून वगळून आठवडाभर तशीच चालू ठेवावी. डिप्लॉय जे झाकतात ते त्या एका प्रतीवर दिसतं.